वनिताची पात

परवा मोहाडीच्या माझ्या शाळेतून गावी येताना एसटीच्या खिडकीतून धानाच्या बांध्या, खाचरं, दिसल्या. चिखलणी झालेल्या, काठोकाठ पाण्याच्या, आणि त्यात पोटऱ्यांपर्यंत उतरलेल्या बाया. ओणव्यानं रोवता रोवता त्या एकदम ताठ उभ्या राहिल्या. कंबर धरली असेल, कोणी चहा घेऊन आलं असेल, काहीही असेल. पण माझा हात समोरच्या दांडीवर आवळला गेला आणि शेजारच्या बाईनं विचारलं, मॅडम, उलटी होते का? नाही म्हटलं. आता तिला काय सांगू, की आमच्या गावात रोवणीच्या बाया अशा एकदम उभ्या राहतात तेव्हा त्या कंबरेसाठी राहत नाहीत.

गाव दिघोरीच्या अलीकडे, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, खालच्या अंगाला. नाव सांगत नाही, कारण या वर्षी आमच्या गावाचं नाव आधीच नको तितक्या लोकांना कळलं आहे. तिथं रोवणीला बायांची ओळ लागते आणि प्रत्येकीला आपल्या पुढ्यातली एक पट्टी मिळते. तिला पात म्हणतात. ही पात दरवर्षी तीच, ओळीतली जागाही तीच. पहिल्या बांधीत एक गाणं म्हणतात. माझी माय पुढची, ती विचारते, 'पान्यात कोन दिसते वं बाई, पान्यात कोन दिसते?' मग एकेक जण आपली ओळ म्हणते. एकीला आभाळ दिसतं, एकीला बगळा, एकीला नवऱ्याचा फेटा. ही ओळही ज्या-त्या बाईची, पातीसारखीच. दुसरीनं ती तोंडात घ्यायची नाही.

बाई पोटापाण्यासाठी बाहेर गेली आणि रोवणीला परतली नाही, तर पहिल्या बांधीत तिची पात रिकामी ठेवतात. तिची ओळ आली की सगळ्या उभ्या राहतात आणि ती जेवढ्या वेळात ओळ म्हणाली असती तेवढा वेळ गप्प राहतात. मग पुन्हा ओणव्या. गेलेली बाई मेल्याची खबर आली, की मात्र हे संपतं. तिला मुलगी असेल तर ओळ आणि पात मुलीकडे, नसेल तर शेजारणीकडे. म्हणजे रिकामी पात ही जिवंतपणाची खूण. पाण्याचा तो हातभर रुंद काळा पट्टा म्हणजे, बाई आहे, कुठंतरी आहे, येईल.

माझी मोठी बहीण वनिताताई. तिची पात तेरा वर्षं रिकामी आहे. शेजारची पात माझी.

ती नवऱ्यासोबत मिरची तोडायला तेलंगणात गेली. आमच्याकडून धान झालं की टोळ्याच्या टोळ्या जातात, होळीच्या मागेपुढे परततात, हाताची आग घेऊन आणि लुगड्यातून न जाणारा तिखट वास घेऊन. ताई पहिल्या वर्षी परतली नाही. दुसऱ्या वर्षी एका कोणाच्या फोनवरून बोलली, तब्येत बरी आहे म्हणाली, आणि नंतर तोही नंबर मुका झाला. वडील होते तोवर दोनदा जाऊन आले. तिथं मिरचीची शेतं क्षितिजापर्यंत लाल, आणि वनिता नावाच्या बाया छपन्न, असं ते येऊन म्हणाले. तिसऱ्यांदा जाण्याआधीच ते गेले.

तिची ओळ मला अजून लहानपणीसारखीच ऐकू येते. बाकीच्या बायांच्या ओळी हसऱ्या, पण हिची ऐकली की चिखलातही पाय गार पडायचे. 'पान्यात पाहू नोको वं माय, मी मांगं उभी.' कोणाकडून आली होती ती तिला, देव जाणे. देव म्हटलं खरं, पण आम्ही बुद्धाची माणसं. आज्यानं घरातले देव नदीत सोडले त्याला तीन पिढ्या होतील. भूतखेत, अंगात येणं, उतारे, सगळं त्याच वेळी वैनगंगेत गेलं. पण अंगावर काटा येतो ना, तो धर्म विचारून येत नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगूनच टाकते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सहा वर्षांपूर्वी पवनीच्या स्टँडवर मला आमच्याच भागातला एक टोळीवाला भेटला. तोंड ओळखीचं, त्याला दारूचा वास, नाव आठवेना. तो म्हणाला, तुमची बहीण मागच्याच मोसमात गेली, ताप डोक्यात चढला, दोन दिवसांत संपलं, तिकडंच माती दिली. नवरा त्याच्या आधीच सोडून गेला होता म्हणे. एवढं बोलून तो धावत्या गाडीला लटकला. मी तिथंच बाकावर बसले. दोन एसट्या सोडल्या. मग घरी गेले, मायनं विचारलं, उशीर काहून झाला, आणि मी म्हटलं गाडी पंक्चर झाली.

तेव्हापासून ते पोटात. का नाही सांगितलं? आधी वाटलं, खात्री कुठं आहे, दारुड्याचं बोलणं. मग वाटलं, हे साल जाऊ दे. मग वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस काहून नाही सांगितलं हे विचारतील. खोटं बोलायला एकदाच धीर लागतो, पुढं ते आपलं आपण चालतं. आणि दर आषाढात मी येऊन माझ्या पातीत उभी राहत होते, शेजारी तो पाण्याचा पट्टा, आणि ताईची ओळ आली की सगळ्यांबरोबर ताठ. बाकीच्या बाया जिवंत वनितासाठी गप्प राहायच्या. मी एकटी मेलेलीसाठी. सहा वर्षं माझ्या गप्प राहण्यात आणि त्यांच्या गप्प राहण्यात किती फरक होता, हे बांधीत मलाच माहीत होतं.

त्या रिकाम्या पातीत दरवर्षी कापणीच्या वेळी चार-दोन धानाचे ठोंब उभे असायचे. कोणी न लावलेले. आमची सयाबाई, गावातली सगळ्यात जुनी रोवणारी, ती म्हणायची की वनिता येऊन लावून जाते. मी म्हणायची, बाई, परे, शेजारची रोपं, वाहून येतात आणि रुजतात, शिक्षिका असून एवढं तर मला समजतं. ती म्हणायची, वाहून आलेलं परं वाकडं रुजते, हे सरळ ओळीत काहून हाये?

माझ्या शाळेचंही तसंच. दिवाळीनंतर हजेरी घेताना मधली मधली नावं मोकळी जातात. पोरं आईबापांबरोबर मिरचीला, वीटभट्टीला गेलेली. नाव कापता येत नाही, म्हणून मी दरवेळी नाव घेते, थोडं थांबते, आणि गैरहजर मांडते. एकदा वर्गातल्या एका पोरीनं विचारलं, मॅडम, तो नाही हे माहीत आहे, तरी तुम्ही थांबता काहून? मी तिच्यावर उगाच खेकसले.

गेल्या वर्षी रोवणीत सिनेमावाले आले. गाणं, धर्म आणि पोटासाठी गाव सोडणं, असा काहीतरी त्यांचा विषय. हल्ली असे सिनेमे बरेच निघतात म्हणे. गाणाऱ्या लोकांमागं कॅमेरा घेऊन फिरायचं, मध्ये मोठ्या मंचावरचा झगमगता कार्यक्रम घालायचा, मग पुन्हा शेत. ऋचा नावाची पुण्याची मुलगी त्याची दिग्दर्शिका. पोरगी चांगली होती. वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, तिथं बायांबरोबर मांडी घालून बसायची, वंदना पाठ केली तिनं. चिखलात दोनदा पडली आणि हसली. तिच्याबरोबर आवाजाचं काम करणारे एक चाळिशीचे गृहस्थ होते, कानाला सतत ते जाड काळं यंत्र लावलेले, जेवतानासुद्धा काढायचे नाहीत. आमच्या पहिल्या बांधीचं गाणं त्यांनी धुऱ्यावर, बांधीच्या काठावर, उभं राहून घेतलं. ताईची ओळ आली, आम्ही उभ्या राहिलो, गप्प झालो, पुन्हा वाकलो. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. आम्हाला वाटलं, पाहिलं म्हणजे समजलं असेल. आणि रोवणी चालू असताना त्या पातीबद्दल तोंडानं बोलायचं नसतं. माघात ते तेलंगणात मिरचीच्या शेतांतही जाऊन आले, आणि या वर्षी, आषाढी पौर्णिमा झाल्यावर, सिनेमा तयार झाला म्हणून गावाला दाखवायला पाठवला. ऋचा स्वतः येऊ शकली नाही.

दुपारी तीनला विहारात खिडक्यांना पोती लावली, भिंतीवर पांढरी चादर. गाव झाडून सारं जमलं. आधी शहरातला मंच दिसला, हजारो माणसं, आमच्याच जिल्ह्यातून गेलेला एक गायक निळ्या उजेडात भीमगीत म्हणतोय. मग आमची बोडी, आमची सयाबाई तंबाखू मळताना, आणि सगळे हसले, सयाबाई सगळ्यात जास्त. मग आमची बांधी आली. मायचा आवाज, 'पान्यात कोन दिसते वं बाई.' आभाळ, बगळा, फेटा. मग आम्ही पडद्यावर उभ्या राहिलो. तोंडं मिटलेली. आणि त्या मिटलेल्या तोंडांवरून, पाण्यावरून, कुठूनही नाही आणि सगळीकडून, ताईचा आवाज आला.

'पान्यात पाहू नोको वं माय, मी मांगं उभी.'

कोणाचं तरी लेकरू रडत होतं तेही थांबलं. सयाबाईच्या तोंडून 'आली वं' एवढंच निघालं. सिनेमा पुढं चालू होता, पुन्हा मंच, पुन्हा टाळ्या, पण बाया पडद्याकडे पाहत नव्हत्या, दाराकडे पाहत होत्या. आणि मी, जिला सहा वर्षं माहीत होतं की ती मातीत आहे, मी मागं वळूच शकले नाही. खरं सांगते, माझ्या पाठीला कोणाचा तरी ओला पदर लागल्यासारखं झालं. पोत्याच्या फटीतून वारा आला असेल. असेल म्हणते.

घरी येईपर्यंत गावात सण झाला होता. वनिता जिवंत आहे, सिनेमावाल्यांना सापडली, कोणी साखर घेऊन आलं. माय चुलीपुढं बसून होती. तिनं साखर घेतली, तोंडात टाकली नाही. मी ऋचाला फोन लावला. तिला आधी काही उमजेना, आणि उमजलं तेव्हा ती रडायला लागली. झालं असं होतं, की आवाजवाल्या गृहस्थांना आमच्या गाण्यात मध्येच खड्डा ऐकू आला. त्यांना वाटलं, तार निसटली, ध्वनिमुद्रण गेलं. तेलंगणात मिरची तोडणाऱ्या बाया तेच गाणं गात होत्या, ते त्यांनी घेतलेलं होतं. त्यातून तेवढी एक ओळ उचलून त्यांनी आमच्या खड्ड्यात बसवली. दुरुस्ती म्हणून. चांगल्या हेतूनं. आमच्या तेरा वर्षांच्या थांबण्यावर त्यांनी ठिगळ लावलं होतं आणि ठिगळ अगदी बेमालूम बसलं होतं.

म्हणजे ती तिथं आहे, मी मायला म्हटलं. म्हणताना माझाच आवाज मला खोटा वाटत होता, पण दुसरा काही अर्थ लागत नव्हता. टोळीवाला खोटं बोलला असेल. सहा वर्षं मी फुकटच वाहिलं असेल. एवढा आनंद मला त्या क्षणी झाला, की लाज वाटावी.

माय म्हणाली, "हे वनिता नाई."

मी म्हटलं, आवाज तिचाच आहे.

"आवाज तिचा हाये. पन वनिता 'मांगं' मनताना थांबे. लहानपनच्या खोकल्यानं दम लागे तिले. हे थांबत नाई." मग बराच वेळ तिनं चुलीतलं लाकूड मागंपुढं केलं. "दुसऱ्याच्या तोंडी ओळ गेली, तं मंग वनिता नाई."

ती रडली नाही. मला वाटत होतं आत्ता रडेल, आत्ता रडेल. तिनं भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋचानं ते पूर्ण चित्रीकरण पाठवलं, सिनेमात न घेतलेलं. फोन भिंतीला टेकवून आम्ही दोघी पडवीत बसलो. लाल शेत, डोक्याला फडकी बांधलेल्या बाया, निम्म्या तेलुगू बोलणाऱ्या. त्यांच्या तोंडी आमचं गाणं थोडं वेगळं झालं होतं, बगळ्याच्या जागी कुठला तरी दुसराच पक्षी आला होता. आणि ताईची ओळ आली तेव्हा एक अकरा-बारा वर्षांची पोरगी बोलली. अंगात पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, तिखट झोंबू नये म्हणून नाकातोंडाला कापड. नुसते डोळे. ते डोळे मी रोज आरशात पाहते.

ऋचानं तिला हिंदीत विचारलं, हे कोणी शिकवलं. पोरगी म्हणाली, "आईनं. मनली, हे ओळ आता तुही हाये." आई कुठं आहे, ऋचानं विचारलं. पोरगीनं तोडणं न थांबवता मिरच्या धरलेला हात खांद्यावरून मागं केला आणि म्हणाली, "मांगं." कॅमेरा मागं फिरला. मागं मोकळं शेत होतं, कडेला मिरचीची पोती, आणि ऊन. कॅमेरा तिथं थोडा वेळ थांबला, जणू कोणी दिसेल म्हणून, आणि बंद झाला.

ऋचा म्हणाली, तिचं नाव कोणाला नीट माहीत नाही. कोणत्या गावची तेही नाही. एक तेलुगू विधवा तिला सांभाळते, आणि तळावरच्या बाया तिला आपल्या जिल्ह्याच्या नावानं, 'भंडारा' म्हणून हाक मारतात.

सहा वर्षं. त्या स्टँडवर मी टोळीवाल्याला विचारलंच नव्हतं, की लेकरू होतं का. दर वर्षी दुसऱ्यांच्या पोरांची नावं घेऊन थांबणारी मी, माझ्या बहिणीच्या मुलीचं नाव मला माहीत नव्हतं. मी तिथंच पडवीत मायला सगळं सांगितलं. पवनी, तो माणूस, ताप, पंक्चर झालेली गाडी. मायनं ऐकून घेतलं. मग उठून म्हशीकडं गेली, आणि चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवायला वाढायची, पण हाक मारायची नाही. मी रजा वाढवून तिथंच राहिले. मायनं शिव्या दिल्या असत्या तर मी पाया पडले असते. कशाच्या पाया पडायचं, हेच कळेना.

रविवारी आमची पहिली बांधी. बोडीचं पाणी आमच्याकडं सगळ्यांच्या शेवटी येतं. तोवर गावात खरं काय ते समजलं होतं, साखर देऊन गेलेल्या बाया येऊन मायचे हात धरून गेल्या होत्या. बांधीत उतरलो. पाणी कोमट, खाली चिखल गार. ओळ लागली. ताईची पात माझ्या डाव्या हाताला, आणि तिच्यात ढगांच्या सावल्या चालल्या होत्या. सयाबाईनं मला डोळ्यानं खुणावलं. खबर आली होती, मुलगी इथं नव्हती, आता रीतीप्रमाणे शेजारणीनं सरकायचं. मी रोपांची पेंडी उचलली आणि डावा पाय त्या पातीत टाकला.

मायनं माझं मनगट धरलं. चिखलानं भरलेला हात, पण पकड अशी की चुडा रुतला.

"काढ पाय. थे पात धरलेली हाये."

मी पाय काढला. सगळी ओळ ऐकत होती. चार दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती, आणि माझ्याकडं न पाहता, पाण्याकडं पाहून.

"तू मले सांगतलं असतं तं हे पात सहा सालाआंधीच भरली असती. मंग पोरगी आली असती तं तिले कोठी उभी केली असती?" मग हात सोडला आणि हळू म्हणाली, "पन सहा साल तू मले मेलेल्या पोरीची वाट पाहाले लावलं, सुजाता. हे मी तुले माफ केलं असं समजू नोको."

मी तसं समजत नाही. मला ते माफ व्हावं असंही वाटत नाही. आश्विन पौर्णिमा झाली की आम्ही दोघी तिकडं जाणार आहोत, रजेचा अर्ज टाकला आहे. मिरचीचा मोसम तेव्हा लागलेला नसेल, तळ उठलेला असेल, ती विधवा कोणत्या गावची हे अजून समजलेलं नाही. ऋचा फोन करते आहे. पोरगी आमच्याबरोबर येईल का, हेही माहीत नाही. तिच्यासाठी आम्ही कोण? एका गाण्यातल्या बाकीच्या ओळी.

त्या दिवशी बांधीत मायनं गाणं उचललं. 'पान्यात कोन दिसते वं बाई, पान्यात कोन दिसते?' आभाळ झालं, बगळा झाला, फेटा झाला. ताईची जागा आली आणि आम्ही उभ्या राहिलो. ओल्या पाठींवर वारा लागला. बांधीचं पाणी एकदम सपाट झालं होतं, आणि माझ्या डाव्या हाताच्या पट्ट्यात, हातभर अंतरावर, काहीतरी हललं. मी पाण्यात पाहिलं नाही. ताईनं नको म्हटलं होतं.

ओळीचा वेळ संपला. तेरा वर्षांत तो अंगात मुरला आहे, सगळ्याजणी एकदम वाकायला निघाल्या. माय वाकली नाही. ती तशीच ताठ उभी. सयाबाई थांबली, मी थांबले, सगळी ओळ पुन्हा सरळ झाली. एवढा वेळ आम्ही कधीच थांबलो नव्हतो. शेवटी मी मायकडं पाहिलं.

"लहान हाये थे," माय म्हणाली. "तिले येळ लागन."